गळ, गांडुळे आणि सोबती

मराठीत गळाला बरे नाव नाही. एखादा भोळा माणूस फसला की तो 'गळाला लागला' असे आपण म्हणतो. 'गळ घालणे' यात आर्जव असले तरी समोरच्याला सुटू न देण्याचा भावही आहे. संतवाङ्मयात गळ आणि आमिष हा दृष्टान्त विषयसुखाच्या फसवणुकीसाठी येतो आणि पाण्याबाहेर पडलेला मासा म्हणजे देवावाचून तळमळणारा भक्त. आपल्या वाङ्मयातला मासा एकतर फसतो, नाहीतर तळमळतो. गळ टाकून काठावर बसलेला माणूस आणि त्याच्या शेजारी बसलेला त्याचा मित्र यांच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष फारसे गेले नाही. रिकामटेकडा माणूस आपल्याकडे माश्या मारतो; मासे मारणाऱ्याला रिकामटेकडा म्हणण्याची सोय नाही, कारण मासे मारणे हा आपल्याकडे धंदा आहे, जात आहे आणि पोट आहे.

इंग्रजी वाङ्मयात मात्र हा काठावरचा माणूस साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसलेला आहे. थोडक्या पैशांत, सरंजाम आपल्या हाताने जमवून, एका मित्रासोबत केलेली मासे धरण्याची सहल एवढ्याच विषयावर तिकडे उत्तम गद्य लिहिले गेले. त्या लेखनाचा विचार येथे करावयाचा आहे, आणि तो आम्ही राळेगावात बसून करीत आहोत. समुद्रापासून इतक्या लांब, कापसाच्या मुलखात हा विषय कोणाला अनाठायी वाटेल. परंतु राळेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. पलीकडे वर्धा जिल्हा, अलीकडे आमचा यवतमाळ. उन्हाळ्यात पाणी आटून डोह तेवढे उरतात, आणि त्या डोहांवर बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि जर्द्याच्या डबीत गांडुळे घेऊन दोघे-दोघे बसलेले दिसतात. एकटा क्वचित दिसतो. मरळ मिळाली तर मोठी गोष्ट, वाम मिळाली तर बरी, नाहीतर हाताच्या बोटाएवढे खवले. त्यांच्या या बसण्याला वाङ्मयात जागा असावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

आधी साल्मन या माशाविषयी, कारण या सर्व लेखनात मानाचा मासा तोच. आपल्या वसईच्या वाचकांना उपाहारगृहाच्या पत्रकावर 'इंडियन साल्मन' वाचून रावस मागवण्याची सवय असेल. रावस आणि साल्मन यांचा कुळाने काही संबंध नाही. रावसाच्या गळ्याखाली धाग्यांसारखे मोकळे पर असतात. तो समुद्राचा आणि खाडीचा मासा. साल्मन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परत येतो. परतीच्या वाटेवर तो खाणे सोडतो. तरीही तो गळावर का झडप घालतो, याचे कोडे गळवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या रमवीत आले आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ मध्ये 'द कंप्लीट अँगलर' प्रसिद्ध केले तेव्हा त्याने साल्मनला गोड्या पाण्यातील माशांचा राजा ठरवले. त्या काळी थेम्स नदीत साल्मन येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंधारे आणि शहराची घाण यांमुळे तो तेथून नाहीसा झाला.

राजा म्हटला की दरबार आणि नजराणा आलाच. स्कॉटलंडमध्ये साल्मन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी अशी वंशपरंपरागत मालमत्ता आहे. नदी डोळ्यांसमोरून वाहत असली तरी तिच्यातला साल्मन कोणा दुसऱ्याचा असू शकतो. आम्हांला हे परके वाटू नये. आपल्याकडेही तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते, आणि काठी घेऊन आलेल्या हौशी माणसाला तेथे कोणी हटकले तर हटकणाऱ्याची बाजू न्याय्य असते. फरक इतकाच की तिकडे मालक बहुधा धनिक असतो, इकडे तो ढीवर किंवा भोई असतो आणि ठेक्याचे पैसे भरून चिंतेत असतो.

वॉल्टन हा धनिक नव्हता. लंडनमध्ये कापडाचा धंदा केलेला हा मनुष्य. राजा आणि संसद यांच्या यादवीत त्याचा पक्ष हरला होता. त्याच्या पुस्तकात राजकारणाचा गलबला नाही. मे महिन्यातील सकाळ आहे, पायी चालणे आहे, वाटेवरची खाणावळ आहे. पुस्तकाचे उपशीर्षकच मासेमारीला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हणते. त्यातील गळवाला आपल्या धंद्याच्या थोरवीसाठी प्रभू येशूने निवडलेल्या कोळी शिष्यांची साक्ष काढतो. ही साक्ष सुंदर आहे, पण तपासली तर पुरी उतरत नाही. पेत्र आणि त्याचे सोबती जाळ्याने मासे धरीत, आणि पोटासाठी धरीत. चारही शुभवर्तमानांत गळ एकदाच येतो: मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, मंदिराची पट्टी भरायला पैसा नसतो तेव्हा पेत्राला समुद्रात गळ टाकायला सांगितले जाते आणि पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडते. तेथेही विरंगुळा नाही, करभरणा आहे.

वॉल्टनचा खरा वाङ्मयीन वारसा आमच्या मते माशांच्या माहितीत नाही. माशांची प्रकरणे आज वाचवत नाहीत, आणि त्यांतल्या काही समजुती तर निव्वळ भाकड आहेत. वारसा आहे तो सोबतीचा. त्याचा मित्र चार्ल्स कॉटन हा त्याच्याहून सदतीस वर्षांनी लहान, सदा कर्जात बुडालेला सरदारी तरुण. वॉल्टनला कृत्रिम माशीने मासे धरण्याची विद्या विशेष अवगत नव्हती. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत तो भाग कॉटनने लिहून दिला. डव्ह नदीच्या काठी कॉटनने १६७४ मध्ये बांधलेल्या छोट्या घराच्या दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. एका ग्रंथात दोन मित्र असे शेजारी बसलेले मराठीत आम्हांला आठवत नाहीत.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. अर्नेस्ट हेमिंग्वे म्हटला की मराठी वाचकाला 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) आठवते, आणि त्याचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' (१९६५) हा अनुवाद. या शीर्षकात पु. लं.नी मोठी गंमत साधली. शाळेतल्या कवितेतील पुन्हा पुन्हा पडून पुन्हा चढणारा कोळी आणि समुद्रावरचा कोळी एका शब्दात आणले. ही सोय मूळ इंग्रजीतसुद्धा नव्हती. परंतु त्या शीर्षकाने सांतियागो हा म्हातारा चिकाटीचा धडा होऊन बसला, हेही खरे. मूळ कादंबरीच प्रतीकांनी थोडी जड झाली आहे: तळहातांवरच्या जखमा, खांद्यावरची डोलकाठी, चढावर पडणे. कॅथलिक वाचकाला क्रुसाची वाट ओळखू यावी यासाठी लेखक जरा जास्तच झटतो. आम्हांला त्या पुस्तकातील साध्या गोष्टीच अधिक खऱ्या वाटतात. मासा मिळाला तर कोब्रेच्या मातेच्या यात्रेला जाईन असा म्हाताऱ्याचा नवस, आणि मोठ्या माशाशी झुंजताना तो मुलगा येथे असायला हवा होता असे त्याचे पुन्हा पुन्हा म्हणणे. हे वाक्य किती वेळा येते ते वाचकाने मोजून पाहावे. सोबत्याच्या उणिवेचीच ती कादंबरी आहे.

सोबती असलेली सहल हेमिंग्वेने फार आधी, 'द सन ऑल्सो रायझेस' (१९२६) या पहिल्या मोठ्या कादंबरीत लिहिली होती. शीर्षक उपदेशकाच्या पहिल्या अध्यायावरून घेतलेले. पहिल्या महायुद्धातल्या जखमेने ज्याचे संसारसुख कायमचे गेले आहे असा जेक हा पॅरिसमधील पत्रकार, आणि त्याचा मित्र बिल. कादंबरीच्या मध्यावर हे दोघे स्पेनमध्ये बुर्गेते या डोंगरी गावी जातात आणि इराती नदीवर ट्राऊट धरतात. ट्राऊट हा साल्मनच्याच कुळातला मासा, फक्त राजा नव्हे. या सहलीची दोन-तीन प्रकरणे आम्ही मासेमारीवरील सर्व गद्यात श्रेष्ठ मानतो. त्याचे कारण ज्या गोष्टीत आहे ती समीक्षकांनी क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली असते: पैसा.

या प्रकरणांत प्रत्येक नाणे मोजलेले आहे. दोघे बसच्या टपावर बास्क शेतकऱ्यांमध्ये बसून जातात. शेतकरी आपल्या कातडी पिशवीतली दारू त्यांना पाजतात, हे आपल्या बाटल्या पुढे करतात. वाटेतल्या दुकानात जेक बाईला बक्षिसी म्हणून एक नाणे देतो, तर याला किंमत नीट समजली नाही असे वाटून ती ते परत करते. बुर्गेतेच्या खानावळीत दिवसाचे बारा पेसेता सांगितल्यावर जेक कुरकुरतो. दारू त्यातच धरली आहे असे कळताच गप्प होतो, आणि मग दोघे पैसे वसूल होतील इतकी पितात. सकाळी जेक ओल्या मातीत कुदळीने गांडुळे उकरतो आणि तंबाखूच्या दोन रिकाम्या डब्यांत भरतो. बीचच्या जंगलातून पायी चालत नदी गाठतात. बाटल्या झऱ्यात गार करायला ठेवतात. जेक बंधाऱ्यापाशी गांडूळ लावून सहा ट्राऊट धरतो, बिल खाली कृत्रिम माशीने मोठे धरतो. मासे नेच्याच्या पानांत गुंडाळून पिशवीत जातात. जेवण होते, थट्टा होते, झोप होते.

या थट्टेतच बिल त्याला सहज विचारतो, तू खरोखरच कॅथलिक आहेस का? जेक म्हणतो की तांत्रिक अर्थाने आहे. आणि त्याचा अर्थ काय, हे आपल्यालाही ठाऊक नाही. प्रश्न तेथेच संपतो. बिल पुढे खोदत नाही. मित्राने जखमेवर हात ठेवला आणि दाबला नाही, हे सांगणारा याहून चांगला प्रसंग आम्हांला माहीत नाही. याआधी, उत्सव सुरू होण्यापूर्वी पॅम्पलोनात हाच जेक देवळात गुडघे टेकून प्रार्थनेतही बैलांचा, मित्रांचा आणि पैशांचा विचार करीत राहतो.

उत्सव सुरू झाला की पैसा उधळला जातो, दारू वाढते, माणसे एकमेकांना दुखवतात. रात्री झोप न आल्याने जेक हिशेब मांडतो की जगातल्या सगळ्या सुखाची किंमत कुठल्या ना कुठल्या रूपाने चुकवावी लागते. इरातीच्या काठावर तो असा हिशेब मांडत नाही. तेथे खाणावळीचा, बसचा, दारूचा पैसा कवडी-कवडीने मोजला जातो, आणि म्हणूनच मित्रामित्रांत मोजायचे काही शिल्लक राहत नाही. कादंबरीतला श्रीमंत कोन या सहलीला येत नाही. बाईची वाट पाहत मागे राहतो आणि तीन शब्दांची तार धाडतो. त्याच दरात दहा शब्द आले असते, यावर दोघे हसतात. काटकसर आणि कद्रूपणा यांतला भेद एका तारेत दाखवायला फार थोडे लेखक धजतील.

या प्रकरणांमागे एक कडू हकीकत आहे. हेमिंग्वे १९२४ मध्ये मित्रांसह इरातीवर गेला होता तेव्हा नदी माशांनी भरलेली होती. १९२५ च्या उन्हाळ्यात पत्नी हॅडली आणि मिशिगनचा जुना मित्र बिल स्मिथ यांच्यासह तो पुन्हा गेला. तोवर लाकूडतोडीने नदीची नासाडी झाली होती आणि मासे मिळाले नाहीत. त्याच जुलैत त्याने कादंबरी लिहावयास घेतली. पुस्तकातले थंड, स्वच्छ पाणी लिहिले गेले तेव्हा ते तेथे नव्हते. नेच्याच्या पानांत मासे रचण्याची ती काळजी आम्ही त्यामुळे निराळ्या मनाने वाचतो. वर्धा नदीवर वर अप्पर वर्धा आणि लोअर वर्धा ही धरणे झाली. डोह कोठे होता हे जुनी माणसे हात करून दाखवतात. ते हात दाखवणे लिहून ठेवणारा कोणी भेटलेला नाही.

येथे गांडुळांविषयी दोन शब्द. तिकडच्या वाङ्मयात एक सोवळेओवळे आहे: कृत्रिम माशीने मासा धरणारा तो कुलीन, गांडूळ लावणारा तो हलका. नॉर्मन मॅक्लीन यांची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) ही वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध झालेली दीर्घकथा आम्हांला प्रिय आहे. प्रेस्बिटेरियन पाळकाचे दोन मुलगे, त्यांतला नदीवर अप्रतिम आणि जमिनीवर बेताल असलेला धाकटा, आणि जवळच्या माणसाला मदत करता न येण्याचे दुःख. परंतु त्या कथेत गांडुळांचा डबा घेऊन आलेल्या मेव्हण्याची जी हेटाळणी होते तिच्यात विनोदाबरोबर जातीचा दर्पही आहे. हेमिंग्वेचा जेक खुशाल गांडूळ लावतो. राळेगावचा माणूस गांडूळच लावतो, किंवा कणकेची गोळी.

मराठीत हे का झाले नाही? मासे धरणारे आणि लिहिणारे हात आपल्याकडे वेगळे राहिले, हे मुख्य कारण. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगावबांधच्या ढीवरांकडून आणि माधवराव पाटील डोंगरवारांकडून पक्ष्यांचे, माशांचे, पाण्याचे शब्द गोळा केले आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावे सांगितली. विदर्भातल्या तलावांचे इतके मायेचे गद्य दुसऱ्या कोणी लिहिले नाही. तरी त्यांच्या लेखनात लेखक हा शिष्य आहे आणि ढीवर हा जाणता. दोघे बरोबरीने काठावर बसून एकमेकांची टर उडवीत नाहीत. इंग्रजीत जिम कॉर्बेट यांनी 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये (१९४४) महाशीरावर एक सुंदर प्रकरण लिहिले, पण ते प्रकरण माणसाचे आणि माशाचे आहे. काठावर जायला फुरसत लागते, आणि कापसाच्या भावावर वर्ष टांगलेल्या मुलखात फुरसतीची लाज वाटते. जे दोघे डोहावर बसतात ते घरी 'जरा नदीकडे जाऊन येतो' एवढेच सांगतात. मासे मिळाले तर भाजी झाली, म्हणजे वेळ कारणी लागला. न मिळाले तर बोलणेच नको.

आमचे म्हणणे असे की हे 'न मिळाले तर' येथेच कथा आहे, आणि कॅथलिक वाचकाला तिचा नमुना पाठ असायला हवा. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा, एकविसावा अध्याय साहित्य म्हणून वाचून पाहावा. पुनरुत्थान होऊन गेले आहे आणि काय करावे हे कोणालाच कळत नाही. पेत्र म्हणतो की आपण मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. एकूण सात जण: पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोन पुत्र आणि आणखी दोघे, ज्यांची नावे योहान देत नाही. रात्रभर काही मिळत नाही. पहाटे काठावरून कोणी हाक मारतो, जाळे उजवीकडे टाकायला सांगतो, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात. जाळे फाटत नाही. प्रवचनांत आपण या आकड्यावर फार अडतो. आम्हांला त्यापुढची ओळ अधिक विलक्षण वाटते. ते काठावर उतरतात तेव्हा कोळशांचा विस्तव आधीच पेटलेला आहे, त्यावर मासा आहे, भाकर आहे. यांचे मासे येण्यापूर्वीच न्याहारी तयार होती. तरी त्यांना सांगितले जाते की तुम्ही धरलेल्यांतलेही थोडे आणा.

फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून (१६१६) ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आहे. चारशे वर्षे जी भाषा पेत्राची होडी वाहून नेत आहे तिला दोन मित्र, एक काठी आणि एक डबी परकी नाही. वसईच्या नव्या लेखकांनी कोळीवाड्याच्या कष्टांवर लिहावे, ते हवेच आहे. पण आर्नाळ्याच्या किंवा उत्तनच्या खडकांवर सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारे बँकेतले कारकून आणि शाळेतले शिक्षकही आहेत, आणि वर्धेच्या डोहावर आमचेही आहेत. ते काय बोलतात हे अजून कोणी ऐकलेले नाही. आमचा अंदाज आहे की बहुतेक वेळा ते पैशांविषयी बोलतात, मुलांच्या फीविषयी, आणि मधूनच एकजण असे काही विचारतो ज्याचे उत्तर दुसरा देत नाही, आणि पहिला पुन्हा विचारीत नाही.

बुर्गेतेच्या प्रकरणांत शेवटी हॅरिस नावाचा एक एकटा इंग्रज या दोघांना भेटतो. तिघे पत्ते खेळतात, राँसेस्वालचा मठ पाहून येतात. निरोपाच्या वेळी बस सुटताना तो दोघांच्या हातांत एकेक पाकीट ठेवतो. आत त्याने स्वतः बांधलेल्या कृत्रिम माश्या असतात, डझनभर.